पट्टीखालचे दिवस

माझा एक डोळा गेला आणि एक राहिला. राहिलेल्या डोळ्यावर जाड भिंगाचा चष्मा लावून, खिडकीपाशी उजेडात बसून मी हे लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं येतं, ओळ वर चढत जाते. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आमच्या कल्याणात हल्ली कोणा बाईला मोतीबिंदू झाला की घरचे लोक तिला माझ्याकडे पाठवतात. दुखतं का हो, बेशुद्ध करतात का, जाऊ की नको, असं बायका विचारतात. प्रत्येकीला तेच ते सांगून माझा घसा बसतो. शिवाय तोंडानं सांगताना मी खरी गोष्ट टाळते, हेही माझ्या लक्षात आलं आहे. शस्त्राचं काम अगदी थोडं असतं. डोळा राहतो किंवा जातो तो त्यानंतर पट्टी बांधून पडावं लागतं त्या दिवसांत. तेव्हा डॉक्टर रोज क्षणभर येऊन जातात. बाकी सगळा वेळ आपण असतो, आपल्या घरचे असतात आणि नर्सबाई असते. त्या दिवसांविषयी कोणी काही सांगत नाही, म्हणून लिहायला बसले.

खुंटीवरचा अंगरखा

आमचं घर तीन माणसांचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्यांची खाडीजवळ भाताची वखार होती. हे स्टेशनवर मालाच्या कचेरीत कारकून. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि एकुलती एक मुलगी लग्न होऊन अलिबागेकडे गेली होती.

मामंजी आत येताना दारात खोकत. तो खोकला ऐकला की हातातलं टाकून मी उठायची, पदर सारखा करायची आणि भिंतीला लागून उभी राहायची, ते जेवून ओटीवर परत जाईपर्यंत. नऊ वर्षांची होऊन या घरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी शिकवलेलं हे. मामंजींशी बोलायचं ते सासूबाईंच्या मार्फत, आणि त्या गेल्यावर ह्यांच्या मार्फत. यात मला जाच वाटला असं मुळीच नाही. मामंजी कोणाला शब्दानं दुखवणारे नव्हते. पण एका छपराखाली तीस वर्षांवर राहून मी त्यांच्या तोंडाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, आणि माझा आवाज त्यांनी कधी नीट ऐकला असेल असं मला वाटत नाही.

चाळिशी उलटली आणि दिव्याभोवती कडं दिसायला लागलं. मग तांदळातले खडे दिसेनात. ह्यांनी मला लग्नानंतर हळूहळू लिहायला-वाचायला शिकवलं होतं. दुपारची पोथी वाचायची, तर अक्षरं मुंग्यांसारखी चालू लागली. मी कोणाला बोलले नाही. दिसत नाही म्हटलं की बाई घरात अडगळीची होते, हे मी दुसऱ्यांच्या घरी पाहिलं होतं.

एकदा तिन्हीसांजेला माजघरात आले तर मामंजी समोर उभे. मी भिंतीला लागून उभी राहिले. ते हलेनात. मीही हलेना. आत तव्यावर भाकरी करपल्याचा वास यायला लागला, तरी दोघंही आपापल्या जागी ठाम. शेवटी हे आले आणि म्हणाले, "अगं, खुंटीवरच्या अंगरख्याला कसला मान देतेस? तात्या अजून वखारीत आहेत." अंगरख्यावर पागोटं ठेवलं होतं, म्हणून मी फसले. आम्ही दोघंही पोट धरून हसलो. मग ह्यांचा आवाज बदलला. "इतकं दिसत नाही तुला?" असं त्यांनी विचारलं, आणि मला रडू आलं.

ही गोष्ट मामंजींच्या कानावर गेली. त्या वेळी कल्याणच्या बाजारात एक वैदू यायचा आणि सळईनं मोतीबिंदू खाली ढकलून द्यायचा. शेजारपाजारचे त्याचंच नाव सांगत होते. मामंजी ह्यांना म्हणाले, "त्या सळईवाल्याकडे तिला न्यायची नाही. ठाण्याला ने, इस्पितळात." मला ठाण्याला पाठवणारे तेच होते, हे आधीच सांगून ठेवते.

तालीम

ठाण्याला एका दानशूर सावकारानं बांधलेलं छोटं इस्पितळ होतं. तिथल्या पारशी डॉक्टरांनी दिवा धरून माझे डोळे पाहिले आणि ह्यांना म्हणाले, "डावा पिकला आहे. उजवा कच्चा आहे, त्याला वेळ लागेल." मी म्हणजे जणू आंब्याची अढीच. पण त्यांच्या तोंडून "दिसेल" हा शब्द आला आणि मी पुढचं काही ऐकलंच नाही. डॉक्टर निघून गेले. मग राहेलबाई आली.

राहेलबाई ठाण्यातल्या बेने इस्राएलांपैकी, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांपैकी. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून आमच्याकडे त्यांना शनिवार तेली म्हणतात. मुंबईला राहून नर्सचं काम शिकून आलेली. वय पस्तिशीच्या आसपास, आवाज खणखणीत. डोळ्याचे रोगी सगळे तिच्याकडे. तिनं मला पहिलाच प्रश्न विचारला तो असा, "काशीबाई, शिंक कशी दाबता?"

मला वाटलं, थट्टा करते आहे. तिनं माझ्या वरच्या ओठावर बोट दाबून शिंक कशी परतवायची ते दाखवलं. खोकला आलाच तर तोंड उघडं ठेवून हळू सोडायचा. वाकायचं नाही, जोर करायचा नाही, हसायचं नाही आणि रडायचं तर मुळीच नाही. "डोळ्याला बारीक चीर पडलेली असते. ती आपली आपण मिटते. तुम्ही फक्त तिला मिटू द्यायचं," असं तिनं सांगितलं. इतक्या सोप्या शब्दांत मला त्याआधी कोणी काही समजावलं नव्हतं.

"घरी जाऊन तालीम करा," ती म्हणाली. "डोळ्यांना फडकं बांधून उताणं पडायचं, दोन्ही बाजूंना उशा. कोणी हाक मारली तरी मान वळवायची नाही. माणसाचं डोकं आवाजाकडे वळतंच. ती खोड आधी मोडायला हवी."

मग तिनं विचारलं, "घरात कोणासाठी उठून उभ्या राहता?"

"मामंजींसाठी."

ती ह्यांच्याकडे वळली. "मग पट्टी सुटेपर्यंत वडलांना इकडे येऊ देऊ नका. का ते त्यांना बसून समजावून सांगा."

"हो, हो," हे म्हणाले.

घरी मी कोठीच्या खोलीत, भाताच्या कणग्यांच्या मध्ये, भर दुपारी डोळे बांधून पडायला लागले. भांडी घासायला येणाऱ्या बाईला वाटलं मी कसलं तरी व्रत धरलं आहे, आणि तिनं आळीभर सांगितलंही. हे दारातून मुद्दाम हाका मारायचे, "काशी, अगं, दूध उतू गेलं." मी दगडासारखी पडून. आम्हाला दोघांना त्याचं मोठं कौतुक वाटत होतं. मामंजींचा खोकला मात्र त्या तालमीत कधी आला नाही, कारण ते दुपारी वखारीत असत.

डावा डोळा

शस्त्राविषयी सांगण्यासारखं फार नाही. औषधाचे थेंब घालून डोळा बधिर केला, काहीतरी दाबल्यासारखं वाटलं, आणि एकदम पांढरा उजेड आत आला. डॉक्टरांनी बोटं धरली, ती मी मोजली. मग दोन्ही डोळ्यांवर पट्टी आली, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आल्या आणि मला बायकांच्या वॉर्डाच्या टोकाला एका लहान खोलीत ठेवलं.

राहेलबाई खोलीत शिरताना नेहमी बोलत शिरायची. "मी राहेल. उजवीकडून येते आहे. आता हात धरते." कधीही न सांगता तिनं मला हात लावला नाही. अंधारात पडलेल्या माणसाला हे केवढं असतं ते तसं पडल्याशिवाय कळत नाही. जी बाई कोणाची शुश्रूषा करत असेल तिनं एवढं एक तरी उचलावं.

माझ्याजवळ बसायला आत्याबाई होत्या, मामंजींच्या विधवा बहीण; त्या ठाण्यातच राहत. सोवळ्याओवळ्याच्या कडक. माझ्या अन्नपाण्याला राहेलबाईनं शिवायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी तिच्या तोंडावर सांगितलं. राहेलबाई दोन हात लांब उभी राहून आत्याबाईंना सांगायची, "पेला जरा खाली. आणखी खाली. त्यांना मान उचलायला लावू नका." पडून असलेल्या माणसाला पाणी देण्यासाठी चोच असलेला चिनी मातीचा पेला असतो, तो धरायला तिनं अशा रीतीनं आत्याबाईंना शिकवलं. तिला काय वाटत असेल, याचा मी तेव्हा विचार केला नाही. आता करते, आणि लाज वाटते.

पट्टी सुटायला थोडेच दिवस राहिले होते. दुपारची वेळ होती. आत्याबाई विहिरीवर भांडी घेऊन गेल्या होत्या, राहेलबाई वॉर्डात दुसऱ्या कोणाजवळ होती. मी अर्धवट झोपेत होते. दारात मामंजी खोकले.

पुढचं मी केलं असं मला म्हणवत नाही. वाळूच्या पिशव्या खाली आदळल्याचा आवाज ऐकला तेव्हा माझा हात पदराला होता आणि पाय जमिनीला टेकले होते. मग डोळ्यात कळ आली आणि गालावरून काहीतरी ऊन ओघळलं. मामंजींच्या हातातलं शहाळं खाली पडून खाटेखाली गडगडत गेलं. "बाई, इकडे या हो, कोणीतरी या," असं ते ओरडत होते. त्यांचा एवढा मोठा आवाज मी प्रथमच ऐकला.

राहेलबाई धावत आली. "मान माझ्या हातावर टाका. हळू. काही बोलू नका." तिनं मला निजवलं, पिशव्या परत लावल्या आणि डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. तिनं मला दोष दिला नाही आणि मामंजींनाही काही विचारलं नाही. ते दाराशी उभे होते. कितीतरी वेळ त्यांच्या श्वासाचा आवाज मला येत होता.

रडायची परवानगी

पुढे डोळा सुजला, ताप आला, पू झाला. ते सगळं लिहीत बसत नाही. एक दिवस बाहेर व्हरांड्यात डॉक्टर ह्यांच्याशी हळू आवाजात बोलत होते. आत्याबाई मध्येच हुंदका देत होत्या. राहेलबाई आत आली.

"काशीबाई, डावा डोळा राहिला नाही. मी सांगते, कारण बाकी सगळे बाहेर कुजबुजताहेत आणि तुम्हाला ऐकू येतं आहे."

मी विचारलं, "आता रडले तर चालेल?"

"आता चालेल," ती म्हणाली, आणि माझा हात धरून बसली.

नंतर ह्यांनी सांगितलं ते असं. मामंजींना येऊ नका म्हणून सांगायचं त्यांना जमलंच नव्हतं. रोज ठरवायचे आणि रोज राहायचं. "बापाला काय सांगू? सुनेच्या समाचाराला जाऊ नका म्हणून? तुम्ही गेलात तर तिचा डोळा जाईल म्हणून?" मामंजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. वखार लवकर बंद करून, शहाळं घेऊन, ते आपण होऊन निघाले होते. आणि दारात खोकले तेही मला सावध करण्यासाठी, पदर सारखा करायला वेळ मिळावा म्हणून.

मी ह्यांना काही बोलले नाही. बोलून काय झालं असतं? माझा नवरा वाईट नव्हता. आपल्याकडच्या कितीतरी मुलग्यांना हे जमलं नसतं. पण त्या एका न बोललेल्या वाक्यापायी माझा डोळा गेला, हे खरं आहे.

डॉक्टरांनी राहेलबाईला बोल लावला. घरी निघताना मी तिला म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही. ती म्हणाली, "तुम्हाला शिकवलं. तुमच्या घराला शिकवायचं राहिलं. ते मी निरोपावर सोडलं."

बंद वाट

आत्याबाईंनी टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलला होता. नवस बोलताना कोणता डोळा ते सांगायचं राहिलं असावं, असं मी एकदा थट्टेनं म्हटलं, पण घरात कोणी हसलं नाही.

मामंजींनी घरात यायचं सोडलं. जेवणाचं ताट ओटीवर मागवायला लागले. ते खोकेनासे झाले. मुलाला त्यांनी एकदाच विचारलं होतं, "तुला ठाऊक होतं?" हे हो म्हणाले. त्यानंतर बापलेकांत भाताच्या गोण्या आणि पावसापाण्यापलीकडे शब्द उरला नाही. मामंजी आणि मी बोलायचो ते ह्यांच्या मार्फत. आता ते दोघेच बोलेनात, म्हणजे आमच्या घरातली ती एकुलती एक वाटही बंद झाली.

तुमची चूक नाही, एवढं मला मामंजींना सांगायचं होतं. मी ह्यांना सांगितलं, त्यांनी जाऊन सांगितलं. मामंजी "हं" म्हणाले. मी दाराआडून ऐकत होते. असला निरोप दुसऱ्याच्या तोंडून गेला की त्यात काही राहत नाही.

हळूहळू उजवा डोळाही पिकला. आता मला दिवस आणि रात्र एवढंच कळत होतं. चुलीपाशी हात भाजायला लागले. तरी ठाण्याला जायला मी तयार नव्हते. असलेला काळोख परवडला, असं मला वाटायचं.

ओटीवरची पाहुणी

राहेलबाईची बहीण कल्याणात दिलेली होती. तिच्या बाळंतपणाला ती आली होती, आणि चौकशी करत आमच्या घरी आली. मामंजी ओटीवर होते. मी दाराआड.

"बसा, बाई," म्हणून त्यांनी तिला घोंगडी टाकून दिली.

"तात्या, काशीबाईंचा दुसरा डोळा करायला हवा. जवळ बसायला कोण आहे?"

"माझी बहीण होती, ती पावसाळ्यात गेली. नात असती, पण तिचेच दिवस भरत आलेत."

"मग तुम्ही या."

मामंजी म्हणाले, "मी नको. एक डोळा माझ्या पायांनी गेला तिचा."

"म्हणूनच तुम्ही," राहेलबाई म्हणाली. "ज्या माणसासाठी ती उठते ते माणूस सारखं जवळच बसलं, तर ती कितीदा उठेल? मला तिची ही सवय मोडायची आहे, आणि ती तुमच्याशिवाय मोडणार नाही. डॉक्टरांची परवानगी मी काढते."

मामंजी काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण संध्याकाळी त्यांनी ह्यांना हाक मारली आणि विचारलं, "ठाण्याला कधी निघायचं?" कितीतरी दिवसांनी त्यांनी आपण होऊन मुलाशी बोलणं काढलं होतं.

पुन्हा बाहेर जा

या वेळची तालीम इस्पितळातच झाली, शस्त्राच्या आधी. मला डोळे बांधून निजवलं. राहेलबाईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मामंजींनी बाहेरून यायचं, दारात खोकायचं नाही, आणि आत पाऊल टाकायच्या आधी मोठ्यानं म्हणायचं, "सूनबाई, मी आलो आहे. पडून राहा."

पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. जन्मात माझ्याशी थेट बोलले नव्हते. शेवटी कसंबसं "सूनबाई" एवढं आलं, आणि माझे पाय आपोआप आखडले.

"गुडघा हलला," राहेलबाई म्हणाली. "तात्या, पुन्हा बाहेर जा."

ते पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आले. पुन्हा हलला. एखाद्या नाटकमंडळीची तालीम चालावी तशी ती सकाळ गेली. वखारीवर हमालांना हुकूम सोडणारा सत्तरीचा माणूस एका नर्सबाईच्या हुकमानं आत-बाहेर करत होता. हे व्हरांड्यातून पाहत होते. त्यांना हसू आवरेना. "तू हसू नकोस रे," मामंजी त्यांच्यावर खेकसले, "तुला एक वाक्य सांगता आलं नाही, मी निदान शिकतो आहे." ह्यांचं हसू थांबलं. पण मनातला सल एकदाचा बोलला गेला, ते बरंच झालं. त्या दिवसानंतर बापलेक पुन्हा माणसांसारखे बोलायला लागले.

दुपारपर्यंत माझा गुडघा हलेनासा झाला.

अंधारातली ओळख

शस्त्र झालं, पट्टी आली, पिशव्या आल्या. आणि माझ्या उशाशी मामंजी आले.

पेला धरायला राहेलबाईनं त्यांना शिकवलं होतं, तरी पेज हनुवटीवरून ओघळायची आणि ते धोतराच्या सोग्यानं पुसायचे. एकदा पुसता पुसता म्हणाले, "तुझ्या सासूला मी कधी पाण्याचा तांब्या भरून दिला नाही. शेवटच्या दुखण्यातसुद्धा नाही. तेव्हा कोणी शिकवलंच नाही."

राहेलबाईच्या हातचं पाणी मी घेऊ का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "घे. मीही घेतो." आणि आम्ही दोघांनी घेतलं.

मला फार बोलायची परवानगी नव्हती, म्हणून बहुतेक तेच बोलत. त्यांच्या आईचे डोळे सळईवाल्यानं घालवले, तेव्हा ते लहान होते. तिला हाताला धरून ते खाडीवर न्यायचे, आणि आज गलबतं किती लागली ते तिला मोजून सांगायचे. हे मला तीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मला वाचता येतं. त्यांना ठाऊकच नव्हतं. "पोथी वाचतेस?" त्यांनी दोनदा विचारलं. "कोणी शिकवलं? त्यानं? मला बोलला नाही कधी." मग थोड्या वेळानं म्हणाले, "बरी झालीस की मला वाचून दाखव. मला हल्ली बारीक अक्षर लागत नाही."

आणि मग मी ते सांगितलं. पिशव्यांमध्ये डोकं ठेवून, छताकडे तोंड करून, हळूच म्हटलं, "मामंजी, त्या दिवशी तुमची चूक नव्हती."

"मी खोकलो नसतो तर," असं ते म्हणाले.

"तर तुम्ही आत आल्यावर उठले असते."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला रडायची परवानगी नव्हती, म्हणून मी रडले नाही. ते रडले. राहेलबाई खोलीतच होती. ती काहीतरी आवरत राहिली.

डोळ्यांच्या रोग्यांनो, मला अंधारात जसं माया करणारं माणूस मिळालं तसं उजेडात कधी मिळालं नाही. पट्टी सुटायचा दिवस जवळ येत होता आणि मला तो यावासाही वाटत होता आणि नकोसाही.

उजेड

पट्टी सुटली. उजेड आला, आणि या वेळी तो टिकला. डॉक्टरांनी भिंग धरलं तेव्हा मला प्रथम राहेलबाईचा चेहरा दिसला. ती आवाजावरून वाटायची त्यापेक्षा पुष्कळ थकलेली होती. मी तिला हात जोडले. मग खोलीत पाहिलं. उशाशी स्टूल रिकामं होतं.

"मामंजी कुठं आहेत?"

"बाहेर गेले," राहेलबाई म्हणाली. "म्हणाले, आता सूनबाईला दिसायला लागलं. आता मी आत बसणं बरं नव्हे."

मी दाराकडे पाहिलं. "हे मला शिकवता येत नाही, काशीबाई," ती म्हणाली. "यापुढचं तुमचं घर."

घरी आल्यावर सगळं पहिल्यासारखं झालं. ते पुन्हा माजघरात जेवायला लागले, मी पुन्हा भिंतीला लागून उभी राहायला लागले. त्यांनी काही म्हटलं असतं तर मी बोलले असते. मी काही म्हटलं असतं तर तेही बोलले असते. दोघांपैकी कोणी सुरुवात केली नाही. मामंजींना जाऊन आता दोन वर्षं झाली. मला त्यांची इतकी आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं.

मामंजी होते तोवर पोथी मात्र मी वाचायची. दुपारी माजघरात दाराशी बसून, गरजेपेक्षा मोठ्यानं. त्या वेळी ते वखारीतून लवकर यायला लागले होते, आणि ओटीवर दाराजवळच्या भिंतीला टेकून बसत. कधी पान उलटायला वेळ लागला तर ते बाहेर चुळबुळत. एक दिवस वाचनात मी फार रमले. सुटीचा दिवस होता, हेही ओटीवरच होते. मामंजी त्यांना म्हणाले, "तिला म्हणावं, आज पुरे. डोळ्याला ताण पडेल."

मी दाराच्या आतच बसले होते. शब्दन् शब्द मला ऐकू आला होता. तरी हे उठून आत आले आणि तेच वाक्य त्यांनी मला सांगितलं. मी "बरं" म्हणून पोथी मिटली. मग हे पुन्हा बाहेर गेले आणि वडलांना म्हणाले, "बरं म्हणाली."